घरी जुळवलेलं सोलर पॅनेल आणि विकतचं: दोन्ही शेजारी शेजारी ठेवून

आधी निकाल सांगते, कारण बहुतेकांना तेवढाच हवा असतो. वीज हवी असेल तर तयार पॅनेल घ्या. पॅनेलच्या आत काय चालतं ते स्वतःच्या हातांनी समजून घ्यायचं असेल तर सेलचं, म्हणजे उन्हापासून वीज करणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्यांचं, किट आणा, एक छोटं पॅनेल जुळवा, आणि ते छपरावर चढवू नका.

माझ्याकडे दोन्ही आहेत. एकाच कोनात, एकाच उन्हात, शेजारी शेजारी. रेडिओ आणि ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे सोल्डरिंगची भीती नाही, आणि ‘हे घरी करता येईल का’ असा प्रश्न पडल्याशिवाय मला कुठलीच वस्तू विकत घेता येत नाही. पुढचं सगळं त्या सवयीच्या बाईने लिहिलेलं आहे, हे धरून वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ‘घरी बनवलेलं पॅनेल’ म्हणताना सेल कुणी घरी बनवत नाही. सिलिकॉन वितळतं १४१४ अंशांना. त्याआधी ते कमालीचं शुद्ध करावं लागतं, मग पातळ चकत्या कापायच्या, आठशे अंशांच्या वरच्या भट्टीत फॉस्फरस मुरवायचा, वर चांदीच्या बारीक रेषा छापायच्या. हे काम कारखान्याचंच. तांब्याचा पत्रा तापवून, त्यावर ऑक्साइडचा थर आणून, मिठाच्या पाण्यात बुडवून केलेला सेल मीही करून पाहिलाय. मीटरचा काटा हलतो, मुलं खूश होतात, पण प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये. त्यावर घड्याळही चालवायला जीव काढावा लागेल. तेव्हा ‘स्वतः बनवणं’ म्हणजे तयार सेल आणून जोडणं आणि झाकणं. सगळी गंमत ‘झाकणं’ या दुसऱ्या शब्दात आहे, पण तिकडे नंतर येते.

किटमध्ये आले ते असे: ३ बाय ६ इंचांचे निळसर, दाणेदार पॉलिक्रिस्टलाइन (अनेक स्फटिकांचे) सेल, छत्तीस लागतात आणि वर काही जादा. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची चपटी रिबन, तिचीच एक रुंद बहीण, फ्लक्सचं (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या द्रवाचं) पेन आणि एक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. काच नाही. चौकट नाही. सेल ज्यात बुडवायचे तो पारदर्शक थर नाही. वायर बाहेर काढायचा जंक्शन बॉक्सही नाही. खोक्यावर मात्र तयार पॅनेलचा फोटो.

छत्तीसच का, तर एक सिलिकॉन सेल कामाच्या वेळी साधारण अर्धा व्होल्ट देतो, मग तो केवढाही असो. आकार वाढवला की प्रवाह वाढतो, व्होल्टेज नाही. बारा व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी नीट भरायला चौदाच्या वर व्होल्ट लागतात, वायरमध्ये थोडे जातात, सेल तापले की आणखी थोडे. छत्तीस सेल एकापुढे एक जोडले की अठरा व्होल्ट होतात आणि सगळं भागतं. ३ बाय ६ च्या सेलमधून साडेतीन अँपिअरच्या आसपास मिळतात. म्हणजे कागदावर त्रेसष्ट वॉट.

आता सेल हातात घ्या. जाडी एक मिलिमीटरचा पाचवा भाग, कधी त्याहून कमी. थोडा वाकतो, आणि मोडतो तेव्हा सूचना देत नाही. किटवाल्यांना हे ठाऊक असतं, म्हणूनच जादा सेल. पुढच्या बाजूला दोन पांढऱ्या चांदीच्या पट्ट्या असतात. त्यांवर फ्लक्स फिरवायचा, रिबन ठेवायची आणि चपट्या रुंद टोकाचा सोल्डरिंग आयर्न एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढत न्यायचा. रिबनला कथिल आधीच असतं, वरून सोल्डर लागत नाही. हात घाईत गेला तर रिबन चिकटल्यासारखी दिसते आणि नखाने उचलून येते. रेंगाळला तर चांदीच वितळलेल्या कथिलात उतरते, पट्टी पुसट होते, आणि त्या जागी पुन्हा काही धरत नाही. मधला वेग हाताला सापडावा लागतो. व्हिडिओ बघून तो येत नाही.

पाठीमागे आणखी मजा. करडा दिसतो तो ॲल्युमिनिअमचा थर, त्याला सोल्डर अजिबात धरत नाही. मध्ये चांदीचे छोटे ठिपके दिलेले असतात, फक्त तिथेच टाका बसतो. एका सेलच्या पुढून निघालेली रिबन पुढच्या सेलच्या पाठीला जायची, कारण या जातीच्या सेलची पुढची बाजू ऋण आणि पाठ धन. आणि दोन सेलांच्या मध्ये रिबनला थोडी ढील हवीच. तापमान एक अंशाने वाढलं की तांबं दहा लाखांत सतरा भाग प्रसरण पावतं, सिलिकॉन तीन भागांहूनही कमी. रोज सकाळी तापायचं, रोज रात्री गार व्हायचं. ताणून जोडलेली रिबन ही ओढाताण सेलवर काढते.

माझ्या मते किटचा खरा मोबदला या टप्प्यात आहे. रांगेत जोडलेल्या सेलांत प्रवाह सगळ्यात दुबळ्या सेलएवढाच वाहतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि उन्हात एकेक सेल मीटरला लावून, जोड्या जमवून, एक नाठाळ सेल बाहेर काढल्यावर अख्ख्या रांगेचा आकडा वर चढताना बघणं वेगळं. किटमधले सेल बहुधा कारखान्यातल्या निवडीतून बाजूला काढलेले असतात. कुणाचा कोपरा उडालेला, कुणाचा रंग वेगळा, कुणाचा प्रवाह कमी. पहिली निवड त्यांच्या स्वतःच्या पॅनेलात जाते, साहजिकच आहे.

जुळवणी पूर्ण झाल्यावर उघड्या रांगा उन्हात धरल्या तेव्हा मीटरवर एकवीस व्होल्ट आणि तीन पूर्णांक चार अँपिअर शॉर्ट सर्किट, म्हणजे दोन्ही टोकं थेट मीटरमधून जोडल्यावरचा प्रवाह. मी खूश होते. भाचा बघत होता, तो म्हणाला, “मावशी, मग लोक विकतची का घेतात?”

त्याचं उत्तर काच लावताना मिळतं.

साधी खिडकीची काच कडेने पाहा, हिरवट दिसते. ते तिच्यातलं लोह, आणि लोह थोडा प्रकाश गिळतं. पॅनेलची काच कमी लोहाची, साधारण ३.२ मिलिमीटर जाडीची आणि टेंपर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, असते. टेंपर्ड काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलात की चुरा. म्हणजे मापाची आधी करून घ्यायची. ॲक्रिलिकची शीट स्वस्त आणि हलकी असते, पण उन्हात काचेच्या कितीतरी पट प्रसरण पावते, वाकते, चरे पडतात. ती घेऊ नका.

काचेच्या मागे सेल कसे बसवायचे, हा पुढचा प्रश्न. नुसते चौकटीत ठेवून मध्ये हवा सोडली तर काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून आणखी चारेक टक्के प्रकाश परत जातो. ते एकवेळ चालेल. पण रात्री गार झालं की आत दव धरतं. ईव्हीएची (कारखान्यात सेल ज्यात बुडवतात त्या पारदर्शक प्लॅस्टिकची) शीट घरी मिळते, हॉट एअर गनने ती वितळवताही येते, मात्र तिचं रसायन पक्कं व्हायला दीडशे अंशांच्या आसपासचं एकसारखं तापमान आणि निर्वात दाब लागतो. गनखाली ती एका जागी जळते, दुसऱ्या जागी कच्ची राहते, आणि सगळीकडे बुडबुडे. मी दोन भाग मिसळून रबरासारखं घट्ट होणारं पारदर्शक सिलिकोन ओतलं (सेलचं सिलिकॉन वेगळं). घरगुती पर्यायांत तेच बरं. पण ते महाग आहे, सावकाश ओतावं लागतं, आणि एकदा घट्ट झालं की आतला सेल बदलायचा विचार सोडून द्यायचा.

पाऊस येऊन गेल्यावर वायर जिथून बाहेर येतात त्या कोपऱ्यातून ओल शिरली. सिलिकोन सेलांना धरून होतं, पण कडेच्या रुंद रिबनवर आधी काळपटपणा आला आणि मग तांब्याचा हिरवा रंग. शॉर्ट सर्किटचा आकडा तीनच्या खाली आला. पॅनेल मेलं नाही. हळूहळू कमी कमी देत राहतं, आणि ते कमी देतंय हे मीटर लावल्याशिवाय कळत नाही.

सौर सेलचा इतिहास सांगताना लोक १९५४ ची बेल प्रयोगशाळा आणि तिथला सहा टक्क्यांचा सेल सांगतात. १९५८ मधला व्हॅनगार्ड उपग्रह सांगतात, ज्याचा सौर ट्रान्समीटर १९६४ पर्यंत बोलत होता. त्यानंतरचा कंटाळवाणा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९७५ पासून अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने उत्पादकांकडून टप्प्याटप्प्याने पॅनेल विकत घेतली, ती बाहेर मांडली, बिघडली की का बिघडली ते शोधलं, आणि पुढच्या खरेदीत चाचण्या कडक केल्या. ईव्हीएचा थर त्याच कामातून पुढे आला. अवकाशात पाणी नसतं, जमिनीवर असतं. जमिनीवरचं पॅनेल टिकवणं ही मुख्यतः पाणी बाहेर ठेवण्याची विद्या आहे, आणि नेमकी तीच किटच्या खोक्यात नसते.

आजच्या तयार पॅनेलवर आयईसी ६१२१५ असं छापलेलं दिसतं, हे टिकाऊपणाच्या चाचण्यांचं आंतरराष्ट्रीय मानक. त्या चाचण्यांत काय करतात ते एकदा वाचा. उणे ४० ते ८५ अंश अशी उलटसुलट दोनशे आवर्तनं. ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास. २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला तेवीस मीटर वेगाने काचेवर. माझं पॅनेल चाचणीच्या त्या दमट, गरम खोलीत हजार तास काय, एक रात्र काढेल असं मला वाटत नाही. सुरक्षिततेसाठी वेगळं प्रमाणपत्र असतं, आयईसी ६१७३०. दोन्ही आकडे लेबलवर असायला हवेत.

विकतचं पॅनेल घेतलं ते शंभर वॉटचं, तेही छत्तीस सेलचंच. त्याचं क्षेत्रफळ माझ्या पॅनेलएवढंच, अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे त्याच जागेत माझे त्रेसष्ट आणि त्यांचे शंभर. दुपारी मोजलं तर शंभरऐवजी ऐंशीच्या आगेमागे मिळतात, आणि लगेच फसवणूक झाली म्हणून ओरडू नका. लेबलवरचा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा आहे. ऊन तेवढंच धरलं तरी छपरावरचा सेल सहज साठ अंशांना जातो, आणि या जातीत दर अंशामागे साधारण ०.४ टक्के घट होते. पस्तीस अंशांचे चौदा टक्के इथेच गेले, राहिलेले धूळ, वायर आणि कोन खातात. टॉपकॉन आणि हेटरोजंक्शन या सेलच्या नव्या जातींत ही घट कमी आहे. खूप तापणाऱ्या जागी कार्यक्षमतेच्या आकड्याआधी हा गुणांक बघा.

आता माझी आवडती चाचणी. सौर सेलला बाहेरून वीज दिली, म्हणजे धनला धन आणि ऋणला ऋण जोडून प्रवाह आत सोडला, की सिलिकॉन मंद अवरक्त प्रकाश देतं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातला अवरक्त गाळणारा फिल्टर काढला असेल तर अंधाऱ्या खोलीत लांब एक्सपोजरने पॅनेल उजळलेलं दिसतं. कारखान्यात पॅनेल असंच तपासतात. बेंच सप्लाय (टेबलावरचा डीसी वीजपुरवठा) लावून मी दोन्हींचे फोटो काढले. विकतचं एकसारखं राखाडी, कुठे डाग नाही. माझ्यात बऱ्याच सेलांत काळे तुकडे आणि तिरक्या रेषा. वरून बघताना तेच सेल धड दिसतात. आयर्नच्या उष्णतेने आणि बोटांच्या दाबाने पडलेले हे केसाएवढे तडे आज प्रवाह नेतात, उद्या नेतीलच असं नाही. ही चाचणी विकतच्या पॅनेलवर एखाद्याने पाय देऊन चालल्यानंतर केली, तर तिथेही असेच तडे दिसतात. बसवायला आलेल्या माणसांना ते कळू द्या.

सावलीचा खेळही करून पाहिला. एका सेलवर जाड पुठ्ठा ठेवला की माझ्या पॅनेलचा प्रवाह जवळजवळ शून्य. विकतच्यात दोन बायपास डायोड आहेत, सावलीतल्या सेलांना वगळून प्रवाहाला बाजूने वाट देणारे, अठरा-अठरा सेलांवर एकेक. तरी बॅटरी त्याचीही भरेना! कारण उरलेल्या अठरा सेलांचे नऊ व्होल्ट बारा व्होल्टच्या बॅटरीला पुरत नाहीत. बायपास डायोडची किंमत कळते ती अनेक पॅनेल एकापुढे एक जोडल्यावर. तिथे तो नसेल तर बाकी सगळ्यांची वीज त्या एका सावलीतल्या सेलमध्ये उष्णता होऊन बसते, थर करपतो, कधी काच तडकते. किटमधला डायोड या कामाचा नव्हेच. तो रात्री बॅटरीतून उलट प्रवाह येऊ नये म्हणून, आणि ते काम पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला चार्ज कंट्रोलर करतोच. लावलात तर उगाच अर्धा व्होल्ट घालवाल.

आगीबद्दल. वीस व्होल्टला झटका बसत नाही म्हणून लोक निश्चिंत राहतात. पण डीसीची ठिणगी एसीसारखी दर क्षणी शून्यातून जात नाही, एकदा पेटली की ताणली जाते. ढिला टाका, लाकडी चौकट, प्लायवूडची पाठ आणि दिवसभर न थांबणारा प्रवाह. ऊन आहे तोवर पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. म्हणून माझं घरगुती पॅनेल ॲल्युमिनिअमच्या चौकटीत, जमिनीवर, फ्यूज लावून, आणि एकटंच आहे. अशी चारपाच मालिकेत जोडायची कल्पनाही करू नका. ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, जोडायचं तर प्रमाणपत्राशिवायचं पॅनेल कुणी स्वीकारत नाही, आणि तो हट्ट रास्त आहे.

पैशांचं म्हणाल तर एकेकाळी घरी जुळवण्यात बचत होती. २०१० च्या दशकात पॅनेलच्या किमती जवळजवळ ९० टक्के घसरल्या आणि ते गणित संपलं. सेल, काच, चौकट, सिलिकोन, बॉक्स सगळं धरून माझा एक वॉट विकतच्या वॉटपेक्षा महागच पडला, माझा वेळ फुकट धरूनही.

विकतचं निर्दोष असतं असं नाही. २०१० नंतरच्या काही वर्षांत बनलेली, पॉलिअमाइडची पाठशीट (पाठीचं प्लॅस्टिकचं आवरण) असलेली पुष्कळ पॅनेल मुदतीआधी मागून फाटली. पंचवीस वर्षांची वॉरंटी बहुधा वीज किती द्यायची याची असते. वस्तू बिघडली तर काय, ही मुदत वेगळी आणि अनेकदा छोटी. दोन्ही वाचा. माझ्या विकतच्या पॅनेलचा कनेक्टर पहिल्याच वेळी नीट बसला नव्हता, दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी४ (सौर पॅनेलच्या वायरींचे कनेक्टर) एकमेकांत जाताना दिसतात पण पकड खरी नसते. एकाच कंपनीची जोडी वापरा.

हाताला काम हवंच असेल तर ते पॅनेलच्या बाहेर भरपूर आहे. स्टँड, कोन, वायरची जाडी, फ्यूज, कंट्रोलर, बॅटरीची पेटी. इथे घरचं काम विकतच्या कामाच्या तोडीचं होतं आणि पैसेही वाचतात. माझा स्टँड विकतच्यापेक्षा भक्कम आहे, हे मी न विचारताही सांगते.

गुण द्यायचे तर किटला शिकवणी म्हणून पाचापैकी साडेचार, पॅनेल म्हणून दीड. तयार पॅनेलला चार. अर्धा कनेक्टरचा कापला, अर्धा सोबतच्या आखूड वायरींचा.

आणि तयार पॅनेल घ्यायला जाताना मोजपट्टी न्या. भर उन्हात एका चौरस मीटरवर हजार वॉट पडतात, आणि बाजारातली चांगली पॅनेल त्यातले वीस ते तेवीस टक्के पकडतात. म्हणजे शंभर वॉटच्या पॅनेलला किमान ०.४३ चौरस मीटर तरी जागा हवीच. वहीएवढ्या पॅनेलवर शंभर लिहिलेलं असेल तर ते लेबलच आहे, कारण सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादाच २९ टक्क्यांच्या थोडी वर आहे. उचलूनही पाहा, ३.२ मिलिमीटरची नुसती काचच चौरस मीटरला आठ किलो भरते. मग उन्हात मीटर लावा. छत्तीस सेलांना एकवीस-बावीस व्होल्ट आले पाहिजेत आणि शॉर्ट सर्किटचा प्रवाह लेबलच्या जवळ. ढगाळ दिवशी किंवा ऊन तिरपं असताना तो प्रवाह कमीच येईल, तेव्हा दुपारचीच वेळ धरा. विक्रेता पॅनेल उन्हात नेऊ देत नसेल तर दुसरीकडे जा.